घोडा तेवढा सुटा द्या

माझ्या लग्नाच्या दिवशी मी मुहूर्ताच्या चांगला आधी मांडवात हजर होतो. मांडव दुसऱ्याच्या लग्नाचा होता, एवढंच.

यात माझा दोष किती आणि घोड्याचा किती, यावर आमच्या दासगावात अजून एकमत झालेलं नाही. (घोडा पुढं वारला. त्यामुळे हल्ली सगळा दोष माझ्याच वाट्याला येतो.)

तेव्हा मी मुंबईला एका कापडाच्या दुकानात गुमास्ता होतो. दोन वर्षं मुंबईचं पाणी प्यालेला माणूस गावी आला की त्याला गावच्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसायला लागते. मला तर बोटीतून उतरता उतरताच दिसायला लागली! मुंबईत इराण्याकडे चहा वेगळा, पाव वेगळा, पावावरचा मस्का वेगळा. हवं तेवढं घ्यावं, तेवढ्याचेच पैसे द्यावेत. आणि आमच्याकडे? महाडच्या गोविंदशेटकडे लग्नाचा अख्खा सरंजाम मिळायचा : घोडा, घोड्याचा मोतद्दार, चार वाजंत्री, दोन बत्त्या आणि नवरदेवाच्या डोक्यावर धरायची झालरीची छत्री. घ्यायचं तर सगळं एकगठ्ठा!

आबांना घेऊन मी गोविंदशेटच्या ओटीवर जाऊन बसलो.

"शेट, मला घोडा तेवढा सुटा द्या."

गोविंदशेट पान चघळायचा थांबला. "फोडून देत नाय."

"का नाही? लग्न गोरज मुहूर्तावर, मग बत्त्या कशाला? पाऊस नाही, मग छत्री कशाला? आणि मोतद्दार कशाला? मला काय लगाम धरता येत नाही?" (येत नव्हता. तोपर्यंत मी फक्त बैलगाडीत बसलो होतो, तेही मागं तोंड करून.)

"आन् वाजंत्री?"

"आमची भजनी मंडळी आहे. फुकट!"

"अरे शांताराम, चार लोक करतात तसं कर रे!" आबा माझी बाही ओढत म्हणाले.

"चार लोक करतात म्हणूनच तर लुबाडले जातात, आबा!"

गोविंदशेटनं मान वाकडी करून जरा विचार केला. "बरं, ने घोडा. दुसरं एक गिऱ्हाईक त्याच दिवशी नुसती वाजंत्री मागतंय. नवरदेव अंगानं भरलेला हाय, घोड्याला झेपायचा नाय. जमंल."

मी मुंबई जिंकल्यासारखा उठलो. पायऱ्या उतरतोय तोच मागून हाक आली.

"घोड्याची एक गोष्ट सांगायची ऱ्हायली."

"सांगा की."

"ती सरंजामात येते. सुटी हवी तर दोन आणे."

मी मोठ्यानं हसलो. मला काय खुळा समजतो हा! म्हटलं, "शेट, नुसता घोडा. गोष्टी नकोत."

आता नवरीबद्दल सांगतो, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. नवरी कापडे गावच्या वरच्या वाडीतली, नाव येसू. मी बघायला गेलो तेव्हा तिनं मान खाली घातलीच नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मुंबईत नळ सोडला की पाणी येतं म्हणतात. मग बाया गप्पा मारायला जातात कुठं?" मी तिथंच खलास झालो. लग्न करीन तर हिच्याशीच!

पण येसूला वाढवलं होतं तिच्या मामानं, आणि मामा म्हणजे जमदग्नी. त्यानं आधीच बजावलं होतं, "गोरज टळला तर आमची पोर घरात परत. पोलादपूरचा बिजवर कवापासून तयार हाय." या बिजवराची भातशेती मोठी होती. आणि मामानं त्याला लग्नाचं आमंत्रणही दिलं होतं! तो नवा फेटा बांधून मांडवात पुढंच बसला होता म्हणे.

ठरल्या दिवशी वऱ्हाड कापड्याच्या मारुतीच्या देवळाशी उतरलं. तिथून वरची वाडी हाकेच्या अंतरावर. मला मुंडावळ्या बांधल्या, हातात लिंबू टोचलेली कट्यार दिली आणि चौघांनी मिळून घोड्यावर चढवलं. घोड्याचं नाव चांद्या. वयानं माझ्यापेक्षा मोठा असावा, निदान चेहऱ्यावरून तरी. भजनी मंडळींनी टाळ वाजवले, मृदंग घुमला. आमच्या मंडळींना येत होते ते सगळे अभंग वैराग्याचे. देवळाच्या पायरीवरच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

"कोण गेलं गो?"

शेजारणीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अगो बाय! आन् ह्यो बसून कसा?"

चांद्या जागचा हलेना. गूळ दाखवला, गूळ खाल्ला. मागून ढकलला, शेपूट फिरवून माझ्या मेव्हण्याच्या तोंडावर मारलं. सूर्य डोंगराकडे सरकत होता.

"आबा, मी चालत जातो."

"खबरदार! घोड्यावर चढल्या नवरदेवाचा पाय मांडवाच्या दारापर्यंत जमिनीला लागायचा नाय. सात पिढ्यांची रीत हाय!"

एवढ्यात खालच्या वाडीतून सनई वाजली.

चांद्याचे कान ताठ झाले. मग त्यानं मान उचलली, पुढचा उजवा पाय ऐटीत टाकला आणि तो चालायला लागला. वरच्या वाडीकडे नव्हे, खालच्या!

"लगाम खेच!" सगळे ओरडले.

मी खेचला. काय खेचलं देव जाणे, चांद्या नाचायला लागला! सनईच्या तालावर, बांधावरून बांधावर, कापणी झालेल्या खाचरांतून आम्ही निघालो. एका हातात कट्यार, दुसऱ्यात आयाळ, डोळ्यांपुढं मुंडावळ्या. मागून आबा आणि अख्खी भजनी मंडळी टाळांसकट धावतेय. (सवयीनं वाजवतही होते!)

खालच्या वाडीच्या मांडवासमोर गोविंदशेटचे चार वाजंत्री उभे होते. चांद्या थेट त्यांच्या मागं जाऊन थांबला, घरी आल्यासारखा. मांडवातली मंडळी नवरदेवाचीच वाट बघत होती. नवरीच्या आईनं पुढं होऊन मला ओवाळलं. मी "अहो, ऐका" म्हणेपर्यंत कपाळावर कुंकू आणि तोंडात साखर! तेवढ्यात बैलगाडी आली आणि तिच्यातून दोघांनी धरून एक भरभक्कम नवरदेव उतरवला.

"ह्यो कोण?" त्यानं माझ्याकडे बघून विचारलं.

"नवरदेव," कुणीतरी सांगितलं.

"मग मी कोण?"

उरलेला सरंजामही बरोबर घेऊन आलेला गोविंदशेट मात्र छत्रीच्या सावलीत शांतपणे पान लावत होता.

"शेट!" मी रडकुंडीला आलो. "येसूला त्या बिजवराला देतील हो! घोडा फिरवा!"

"वाजंत्र्याबिगर तो पाऊल टाकत नाय. लहानपणापास्नं त्यांच्याच मागं चाललाय. हीच ती दोन आण्यांची गोष्ट."

"मग वाजंत्री द्या! पाहिजे ते घ्या!"

"वाजंत्री आमची हाय," भरभक्कम नवरदेवाचा बाप गरजला. "आमचा मुहूर्त दिवेलागणीनंतर. ह्यांच्याबरोबर गेली न् परत आली नाय तर?"

"मग तुम्हीपण चला की," गोविंदशेट म्हणाला.

आणि ते आले! पुढं वाजंत्री, मागं चांद्यावर मी, माझ्यामागं बैलगाडीत दुसरा नवरदेव, त्यामागं त्याचं सगळं वऱ्हाड आणि शेवटी धापा टाकणारी भजनी मंडळी. दिवस मावळायला आल्यामुळे गोविंदशेटनं बत्त्याही पेटवल्या. माझ्या डोक्यावर केव्हा कुणी छत्री धरली ते मला कळलंही नाही. लगाम मोतद्दाराच्या हातात होता.

वरच्या वाडीत मामा दारात उभा होता आणि बिजवर फेटा सारखा करून उठत होता. सूर्याची शेवटची कड डोंगराआड जाता जाता मी पाटावर उभा राहिलो. अंतरपाटाच्या पलीकडून हसू आवरत नसल्याचा आवाज येत होता. देवाशपथ सांगतो, एवढं गोड मी जन्मात काही ऐकलं नाही.

पंगतीला दोन्ही वऱ्हाडं बसली. ताटं आधी वाढलेली, त्यांना उठा कोण म्हणणार? मी सरंजाम नाकारला होता. मला सरंजाम मिळाला, वर एक नवरदेव आणि त्याचं वऱ्हाड!

दोन आण्यांची गोष्ट येसूला कळायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. तेव्हापासून मी काही नवी शक्कल काढली की ती बोलत नाही, नुसता हात पुढं करते. "दोन आणे." मी मुकाट्यानं देतो, मग ती सल्ला देते. आजवर तिचा एकही सल्ला चुकलेला नाही.

हे सगळं लिहून चारचौघांना वाचायला द्यावं की नाही, हेही खरं तर तिला विचारायला हवं होतं. पण म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी दोन आणे कशाला घालवा!