आवाज न करणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बाईंना हवा होता. काम बाईंचं, खोली बाईंची, पैसेही बाईंचेच. आणि निवडला कुणी? दिराने! इथेच ज्याचं डोकं तापत नाही, त्याने पुढचं खुशाल ऐकू नये.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बाहेर जाणं कमी झालं होतं, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून त्या अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. हल्ली वाचत होत्या ती कायद्याची पुस्तकं. जन्मापासून दृष्टी नसलेली एक मुलगी वकिलीची परीक्षा देणार होती आणि तिला लागणारी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. बाई वाचणार तेव्हा ती अभ्यास करणार, असा सगळा मामला. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, फोनवर मात्र मुलगी हक्काने म्हणायची, "बाई, कलमं जरा सावकाश वाचा हं, मला पाठ करायची असतात."

रेकॉर्डिंगची बाईंची रीत म्हणजे घराला शिक्षाच. खिडक्या बंद, पंखा बंद, भिंतींवर जुन्या रजया टांगलेल्या. दाराच्या कडीला लाल फडकं बांधलेलं दिसलं की कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, चपला फटफटवत चालायचं नाही. नवऱ्याला शिंक आली तर तो बिचारा नाक दाबून गॅलरीत पळायचा. आत बाई घामाने निथळत वाचायच्या आणि पानं उलटण्याचा आवाज नको म्हणून मजकूर पडद्यावर मोठा करून घ्यायच्या. कुत्रं भुंकलं की ते वाक्य पुन्हा. रिक्षा गेली की पुन्हा. कुणी याला खूळ म्हणो, बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

अशात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, जुन्या लॅपटॉपने मान टाकली.

आता या दिराबद्दल सांगायला हवं. हा धाकटा दीर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेब होता आणि त्याला कळत नाही असा विषय जगात शिल्लक नव्हता. घरात मागून सगळे त्याला सर्वज्ञ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो! अडीअडचणीला धावून येणारा. पण धावून आला की समोरच्याचं ऐकायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," तो म्हणाला. "असा कॉम्प्युटर जुळवून देतो की बघत राहाल!"

"मला बघायचं नाहीये, भाऊजी. आवाज न करणारा हवा."

"स्पीकर चांगले घेऊ ना मग."

"स्पीकरचं नाही म्हणत मी. तो चालताना आवाज नको."

"हो हो, ते सगळं बघू."

दुकानात तर कहरच झाला. बाई खुर्चीत बसल्या, सर्वज्ञ काउंटरला रेलला, आणि दुकानदाराने बाईंकडे पाठ केली ती केलीच. प्रोसेसर कुठला? सगळ्यात तगडा. ग्राफिक कार्ड? हवंच! बाईंनी विचारलं, हे कार्ड कशाला लागतं? दुकानदार म्हणाला, गेम खेळायला. बाई म्हणाल्या, मी कायद्याची कलमं वाचते, गेम कोण खेळणार? "असू द्या वहिनी, पुढेमागे उपयोगी पडतं," सर्वज्ञ म्हणाला. पुढेमागे! साठी उलटलेली बाई पुढेमागे बंदुका घेऊन पडद्यावर धावणार होती काय?

मग एवढं सगळं तापणार म्हणून पंखे आले. पुढे पंखे, मागे पंखे, वरूनही पंखे. आणि कॅबिनेट काचेचं, आत रंगीत दिवे. निळे, जांभळे, मधूनच लाल. बाईंनी पुन्हा एकदा सांगून बघितलं, "अहो, पण आवाज?" दुकानदाराने एक बटण दाबून दाखवलं. बाहेर रहदारीचा गोंधळ, आत छताचा पंखा गरगरतोय, शेजारी कुणीतरी गाणी लावलेली. अशा कालव्यात कॉम्प्युटरचा आवाज कुणाला येणार? "बघा, काही नाही!" सर्वज्ञ विजयी मुद्रेने म्हणाला.

चूक झाली ती इथे. सगळं डोळ्यांनी निवडलं गेलं. जिचं आयुष्य कानावर चालतं तिच्यासाठी जे काम करायचं, त्याचं यंत्र डोळ्यांनी पसंत केलं आणि बाईंना वाटलं, असेल बाबा, यांना कळतं.

घरी रजया टांगल्या, लाल फडकं बांधलं, पंखा बंद केला आणि मग ते धूड बोलू लागलं. घर्रर्र... पण परीक्षा जवळ आलेली. माइक ओठांशी धरून त्यांनी धडे वाचले आणि पाठवून दिले.

मुलीचा फोन आला. "बाई, तुम्ही घर बदललंत का?"

"नाही गं. का?"

"मागे गिरणी चालू असल्यासारखं येतंय. असू दे, मी ऐकते. थोडं डोकं दुखतं, पण दुसरं काही नाहीच ना माझ्याकडे."

दुसरं काही नाहीच ना माझ्याकडे! पोरीने तक्रारसुद्धा केली नाही, याचाच बाईंना जास्त संताप आला. फोन ठेवला तो दिराला फोन लावायलाच.

सर्वज्ञ लगेच धावून आला. यायचाच. आधी त्याने कॉम्प्युटरवर रजई पांघरली. आत उकडायला लागल्यावर पंखे असे काही पेटले की नवरा स्वयंपाकघरातून विचारत आला, मिक्सर कुणी लावला? मग त्याने आवाज साफ करणारा कसलासा प्रोग्रॅम घातला. घरघर गेली, पण बाईंचा आवाज विहिरीत पडून वाचल्यासारखा यायला लागला आणि कलमांचे आकडे अर्धे गिळले गेले. "चालतंय की!" तो म्हणाला. "कळतंय ना काय म्हणताय ते? तुम्ही फार बाऊ करता, वहिनी."

बाईंचा संयम सुटला तो त्या क्षणी.

"बसा," त्या म्हणाल्या. शाळेतला आवाज होता तो. सर्वज्ञ मुकाट्याने बसला. बाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, डोळ्यांवर स्वतःची ओढणी बांधली आणि आधीचा, घरघरीचा धडा लावला. "पूर्ण ऐकायचा. मध्ये उठायचं नाही. मग मी प्रश्न विचारणार."

नवरा दारात उभा राहून बघत होता. थोडा वेळ सर्वज्ञ हसत होता. मग हसू गेलं. मग तो कपाळ चोळायला लागला, चुळबुळायला लागला, आणि धडा निम्मासुद्धा झाला नव्हता तेव्हा त्याने हेडफोन ओरबाडून काढले.

"बाप रे! डोकं उठलं वहिनी. कोण ऐकणार हे!"

"ती ऐकते. रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

सर्वज्ञ चांगला ओशाळला. तेवढ्यावर थांबला असता तर देवच पावला असता, पण नाही. "मग वहिनी, आधी सांगायचं ना!"

"आधी?" बाई ताडकन उठल्या, गुडघे कुरकुरले तरी. "घरी सांगितलं. दुकानात सांगितलं. तुमच्या तोंडावर सांगितलं, भाऊजी! तुम्ही माझं एक अक्षर ऐकलं नाहीत. त्या पोरीला दिसत नाही, तिच्यासाठी तुम्ही दिवे घेतलेत. निळे! जांभळे! लाज नाही वाटत?"

एवढं बोलून त्या रडल्या. रागानेच रडल्या. नवरा पाणी घेऊन आला आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाला म्हणाला, "चूक तुझी आहे. गाडी काढ."

दुकान उघडल्या उघडल्या ते धूड काउंटरवर ठेवलं गेलं. दुकानदार नेहमीप्रमाणे सर्वज्ञाकडे वळला. "बोला साहेब, काय बदलायचं?"

सर्वज्ञाचं तोंड उघडलं. सवयच ती! मग मिटलं. "मला नका विचारू," तो म्हणाला. "त्यांना विचारा."

दुकानदाराने बाईंकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलायला लागणार होती. "बोला मॅडम. कुठला प्रोसेसर देऊ?"

"ते मला माहीत नाही. आधी दार लावा. पंखा बंद करा. ती गाणी बंद करायला सांगा. आणि तुम्ही सगळे गप्प बसा."

"मॅडम, गिऱ्हाइकं येतील..."

"मी गिऱ्हाईकच आहे."

दार लागलं. पंखा हळूहळू थांबला. सर्वज्ञाने स्वतः शेजारी जाऊन गाणी बंद करवली. बाईंनी एकेक कॉम्प्युटर सुरू करायला लावला, डोळे मिटून त्याला कान लावला आणि हाताने खूण केली. हा नको. हाही नको. दुकानदार घामाने डबडबला, पण कुणाची बोलायची छाती झाली नाही. शेवटी एका ओबडधोबड काळ्या पेटीशी बाई खूप वेळ थांबल्या. आत कार्ड नव्हतं, दिवे नव्हते, एकच मोठा पंखा संथ फिरत होता. "हा सुरू आहे ना?" त्यांनी विचारलं. दुकानदाराने मान डोलावली.

बाईंनी सगळे धडे पहिल्यापासून पुन्हा वाचले. घसा बसला, तरी वाचले. पहिला धडा पोचला तशी मुलीचा फोन आला.

"बाई, गिरणी गेली. आता फक्त तुम्हीच ऐकू येता."

"हो गं," बाई म्हणाल्या. "पण त्यासाठी केवढं भांडावं लागलं मला!"