आमरीला लाखेचं सील

ती केस आजही आठवते, आणि आधी माझंच हसू येतं. तेव्हा खांद्यावर नुकताच तिसरा स्टार लागला होता. बेलापुरात कोणी पिशवी जरा घट्ट धरून चालला, तरी मला त्यात गुन्हा दिसे.

खबर आमच्या जुन्या खबऱ्याची. "मॅडम, एक साहेब माणूस गाडीच्या टपावर शिडी बांधून जंगलात जातो. येताना डिकीत गोणी. फुल डाउट आहे."

मी ठरवूनच टाकलं: गांजा! जासईजवळ नाकाबंदी लावली, सगळा स्टाफ उभा केला. गांजा काढायला शिडी कशाला लागते, हा प्रश्न या हुशार बाईला पडलाच नाही.

ती गाडी अडवली, डिकी उघडली. गोणीत जाड हिरवी पानं, लोंबती पांढरी मुळं, मुळांना झाडाची साल चिकटलेली. आमचे हवालदार सारसोळ्याचे. हळूच म्हणाले, "मॅडम, यो गांजा नाय. आता वरच्या साहेबांना काय सांगाचा?"

वनखात्याच्या वनरक्षक बाईंना बोलावलं. गोणीत डोकावताच त्यांचा चेहरा उतरला. "ही आमरी, झाडावर वाढणारं रानटी ऑर्किड. या भागात एकाच झाडावर उरली होती. आता तिथे काही शिल्लक आहे का, देव जाणे."

चौकशीत गाडीवाले गृहस्थ थंड. इस्त्रीचा शर्ट, चांगल्या सोसायटीतले. "गाडी सर्व्हिसिंगला होती. कोणी ठेवलं ठाऊक नाही. मला तर हा पालापाचोळा वाटतो."

निर्दोष माणूस आधी चिडतो, असा माझा अनुभव. हे चिडत नव्हते. पण नुसत्या संशयावर कोर्ट चालत नाही.

शेवटी नियमाप्रमाणे पंचांसमोर मुद्देमाल सील करायला घेतला. हवालदारांनी गोणीचं तोंड शिवलं, लाख वितळवली. तोच गृहस्थ ताडकन उठले.

"अहो, काय करताय! मुळांना हवा लागते, गुदमरतील ती!"

"पालापाचोळा गुदमरतो होय?" मी विचारलं.

ते मटकन बसले. "हिच्या फुलांचा फोटो मीच फुलवेड्यांच्या ग्रुपवर टाकला होता. लोक जागा विचारायला लागले. म्हटलं, दुसऱ्या कोणी ओरबाडण्यापेक्षा आपल्याकडे सुखरूप राहील."

मग पंचांसमोर त्यांनी स्वतःच घरची गॅलरी दाखवली. आधी आणलेली रोपं तिथे सुखरूप वाळली होती.

वरच्या साहेबांनी माझं कौतुक केलं, "सीलची युक्ती भारी हं!" कसली युक्ती! मी ती गोणी खरंच बंद मालखान्यात टाकणार होते. चेहरा गंभीर ठेवून सॅल्यूट ठोकला, झालं.

गोणी उसवली. कोर्टाच्या परवानगीने रोपं वनखात्याकडे गेली, काथ्याने मूळच्या झाडाला बांधली. त्यातलं एकच जगलं.

लोभी चोर मी पुष्कळ पाहिले. त्यांना निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं. आवडीपोटी चोरणाऱ्याला तेही वाटत नाही. म्हणून फुलांवर फार जीव आहे असं कोणी म्हणालं, की मी आधी त्याच्या गॅलरीत डोकावते.

ते झाड कुठे आहे, हे मी लिहिलेलं नाही. वर नाकाबंदीची जागाही मुद्दाम बदलून सांगितली आहे. तुम्ही सज्जनच असाल हो. तेही होते.