मावशीचा हात

लेक जेवताना मान वर करत नव्हता, हीच काळजी तिला खात होती. चार दिवस झाले. ताट रिकामं करायचा, "झालं" म्हणायचा आणि खोलीत जायचा. आदळआपट केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

विद्यापीठाच्या आवारात शिल्पं जमवायला सुरुवात झाली, तेव्हा त्याला ती सांभाळायची नोकरी लागली. "पुतळ्यांना कोण पळवून नेतंय रे?" तिने चेष्टा केली होती. पण पोरगं रमलं. सहा वर्षांत एकाची अकरा शिल्पं झाली. चौथरा बांधताना तो समतल आहे का ते पाणसळ लावून बघणारा हाच, दगडावरचं शेवाळ मऊ ब्रशने काढणाराही हाच. ग्रंथालयासमोर नुकत्याच आलेल्या ब्राँझच्या बाईला तो 'मावशी' म्हणे. "काय मावशी, आज डोक्यावर कबुतर?"

चार दिवसांपूर्वी तो डबा विसरला, म्हणून ती घेऊन गेली. तो किल्ल्या आणायला गेला होता. दुसऱ्या दिवशी अनावरण, आणि मावशीचा पुढे केलेला हात हिरवागार!

"अगबाई, कळकलाय की! लोक माझ्या लेकाला नावं ठेवतील."

डब्यातली लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, हातरुमाल. मनगटापर्यंत हात लखलखीत झाला.

शिल्पकार आला आणि मटकन खालीच बसला. तो हिरवा रंग त्याने दोन महिने खपून, थरावर थर देऊन चढवला होता.

"कोणी केलं हे?" त्याच्याबरोबर आलेल्या, शिल्पसंग्रहाच्या संचालकबाईंनी विचारलं.

"मी," किल्ल्या घेऊन परतलेला लेक म्हणाला. आईकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

आणि ती, रसायनशास्त्राची पदवीधर, डब्याचं झाकण लावत उभी राहिली. बोटांना लिंबाचा वास येत होता.

"तू कशाला अंगावर घेतलंस?" तिने घरी विचारलं.

"चारचौघांत तुला बोलले असते, आई."

आज त्याच्या टेबलावर तिला कागद दिसला. उद्या द्यायचा लेखी खुलासा. नोकरी राहणार की जाणार, ते त्यावरच ठरणार होतं. 'शिल्प मी घासले.' खाली सही. लहानपणी एकदा खोटं बोलला, म्हणून तिने त्याला तासभर दाराबाहेर उभं केलं होतं.

ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. मग तिने चष्मा लावला, त्याच्या नेमणुकीच्या पत्रावरचा संचालकबाईंचा नंबर शोधला आणि फोन हातात घेतला.