सातव्याला वगळले

हृदय कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य आमच्या डॉक्टरसाहेबांचं. मुलुंडच्या औषध कंपनीत हृदयालेखन विभागाचं उद्घाटन झालं, तेव्हा समई लावून, खांद्यावरची शाल सावरत त्यांनी ते उच्चारलं, आणि संचालक मंडळाने मान डोलावली. विभाग म्हणजे एक खोली, एक खाट, एक यंत्र आणि मी. हृदय खोटं बोलत नाही हे मलाही मान्य आहे. पण ते काय बोललं हे कुणीतरी मोजून कागदावर लिहावं लागतं, आणि लिहिणारी माणसं पगारी असतात.

हे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं. त्याआधी मी पालिकेच्या एका रुग्णालयात ईसीजी काढत असे. तिथे दिवसभर छात्या बदलत, माणसं बघायला वेळ नसे. इथे उलट होतं. निरोगी माणसाला खाटेवर झोपवायचं, हातापायांना पट्टे बांधायचे, छातीवर जेली लावून रबरी फुग्याच्या वाट्या चिकटवायच्या. गोळी देण्याआधी एक पट्टी काढायची, मग तासातासाने एकेक. तापलेली सुई कागदावर रेघ उमटवत जाई. नंतर टेबलाशी बसून, भिंग आणि कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन, मी त्या रेघेतली अंतरं मोजायची. शाळेत कर्कटक पुढच्या बाकावरच्या मुलीला टोचण्यापलीकडे कशाला वापरतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्यातलं एक अंतर महत्त्वाचं होतं. एक ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुढच्यासाठी सज्ज होईपर्यंतचा वेळ. औषधाने तो फार लांबला तर लय बिघडते, माणूस भोवळ येऊन पडतो. कधी उठतो, कधी उठत नाही. या अंतराचा शेवट टी नावाच्या टेकडीपाशी होतो, आणि ही टेकडी पलीकडच्या बाजूला रेंगाळत उतरते. त्या उताराला आम्ही शेपूट म्हणायचो.

"शेपूट सोडायची नाही, बाई," डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "जमीन लागेपर्यंत मोजायचं. शेपूट कापायची असेल तर माणसाने खाटकाचं दुकान टाकावं."

मला वाक्य आवडलं. खरं तर माणूसच आवडला होता. त्यांनी मला जाड इंग्रजी पुस्तकं घरी न्यायला दिली, माझ्या शंकांना हसले नाहीत, आणि माझं मोजमाप पाहुण्यांना दाखवताना "आमच्या बाईंचं" असं म्हणत. पालिकेत मला कुणी बाई म्हणत नसे. "ए ईसीजी" म्हणत.

त्या वर्षी सर्दीची एक नवी गोळी आली. वाहतं नाक थांबवायची, झोप आणायची नाही. ती हृदयाला काय करते ते बघायचं होतं. दोन फेऱ्या होत्या: आधी एक गोळी, आठवड्याने दोन. स्वयंसेवक कंपनीतलेच, आणि प्रत्येक फेरीमागे त्यांना दोन दिवसांची भरपगारी रजा. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. कोकणातल्या माणसांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. पॅकिंग खातं ओसच पडायचं, म्हणून शेवटी बाराजणच घेतले.

सातवा माझा शेजारी. घाटकोपरला आमच्याच चाळीत दोन दारं सोडून राहायचा. गिरणी बंद पडल्यावर वर्षभर घरी बसला होता. पॅकिंगमध्ये त्याच्यासाठी शब्द मीच टाकला होता. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा.

"ताई, ह्या गोळीन माणूस मरणा नाय मां?"

"मी असेन ना तिथे," मी म्हणाले.

"मग झकास. चार दिवस रजा! गौरीच्या जेवणापर्यंत घराक."

पहिल्या फेरीत अकराजणांच्या पट्ट्या शहाण्यासारख्या आल्या. सातव्याच्या, गोळीनंतर दोन तासांनी, शेपटीला जमीनच लागेना. मी तीनदा मोजलं. मग कर्कटक पुसून चौथ्यांदा मोजलं, जसं काही त्याच्या टोकाला घाण होती. मग पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी भिंग न घेताच बघितलं. "टी इथे संपली, बाई. पुढे दिसतो तो वेगळाच उंचवटा आहे. तो मोजत नाहीत."

"सर, जमीन लागेपर्यंत मोजायचं असं तुम्हीच म्हणालात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं, वाद नको. सातव्याला वगळू."

मला इतकं हलकं वाटलं, की थोड्या वेळाने त्यांनी पुढे सरकवलेला टंकलिखित कागद मी उभ्याउभ्याच वाचला. 'सातव्याला वगळले. कारण: रेखन अस्पष्ट.' खाली तंत्रज्ञाची सही, म्हणजे माझी. रेखन अस्पष्ट नव्हतं. इतकी स्वच्छ पट्टी मी महिन्यात काढली नव्हती. पण माझा शेजारी सुटत होता, आणि त्यासाठी माझ्या कामाला थोडा डाग लागला तर लागू दे, असा उदात्त विचार मी केला. उदात्त विचार करताना हातात पेन असू नये.

संध्याकाळी गॅलरीत मी त्याला सांगितलं. त्याचं तोंड पडलं.

"म्हणजे माझी दोन दिवसांची रजापण वगळली?"

"जीव वाचला म्हण."

"जिवाक काय धाड भरली होती?"

"बरा झाला," आतून त्याची बायको म्हणाली. "गणपती काय हेच्यावाचून थांबतले?"

दुसऱ्या फेरीच्या सकाळी डॉक्टरांनी मला अंधेरीला पाठवलं. ईसीजीच्या कागदाची गुंडाळी संपत आली होती, आणि तिथला विक्रेता फोनवर नुसता हो हो करायचा. "तुम्ही स्वतः बघून आणा, बाई. कागदाची पारख तुम्हाला आहे. इथे एक दिवस बाहेरचा माणूस बोलावतो." पारख हा शब्द ऐकून मी खूश झाले. अंधेरीला एका गोदामात दीड तास थांबले, सहा गुंडाळ्या उजेडात धरून तपासल्या आणि दीडच्या सुमारास परत आले.

कँटीनच्या दारात गर्दी होती. बाकावर माझा शेजारी आडवा. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असताना पडला होता. बांगड्याची कढी त्याच्या विजारीवर सांडली होती, आणि कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घालत होतं. शर्टाची बटणं उघडी होती. त्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, लाल गोल वळ होते. मी मोजले. सहा. ते वळ मला ओळखू येणार नाहीत तर कुणाला? रबरी वाट्या नुकत्याच काढलेल्या होत्या.

त्याने डोळे किलकिले केले. "थँक्यू हां ताई," तो म्हणाला. "सायबान बोलावल्यान. म्हटलं, तूच सांगितलं असशील. रजेसाठी."

मी डॉक्टरांच्या खोलीत दार न वाजवता गेले.

"सर, सातव्याला वगळलं होतं ना?"

"वगळलंय की." त्यांनी तक्ता माझ्यापुढे धरला. सहाव्या ओळीनंतर एक कोरी रेघ, मग आठवी. "बघा."

"तक्त्यातून?"

"मग कशातून?"

"मला वाटलं, गोळीतून."

ते खरोखर चकित झाले. ते ढोंग नव्हतं, आणि तेच मला आजवर पचलेलं नाही. "बाई, मधेच सोडला तर का सोडला ते लिहावं लागतं. डोस पूर्ण झाला आणि रेखन अस्पष्ट निघालं, तर कुणी विचारत नाही." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही सही केलीत तेव्हा मला वाटलं, तुमच्या लक्षात आलंय."

गाडी मात्र त्यांनी लगेच दिली, हे सांगायला हवं. जवळच्या रुग्णालयात त्याला यंत्राला जोडून ठेवलं. मी पहिल्या फेरीची पट्टी पर्समध्ये घालून नेली होती, ती तिथल्या तरुण डॉक्टरणीला दिली आणि कोणती गोळी, किती, किती वाजता, ते सांगितलं. तिने पट्टी खिडकीकडे धरली.

"ही कुणी काढली?"

"मी. अस्पष्ट आहे असं लिहून दिलंय."

"कोणी?"

"मीच."

तिने पट्टी त्याच्या केसपेपरला टाचली. सातव्याची लय दुसऱ्या दिवशी ताळ्यावर आली. तिसऱ्या दिवशी घरी पाठवला. मी भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. बायको पाठ करून गॅस पुसत होती. तो स्वच्छच होता.

"त्या कागदावर सही तुझी होती?" त्याने विचारलं. कंपनीत कुणीतरी सांगितलं असणार.

"हो."

"वाचून केलीस?"

"वाचून."

त्याने चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाला, "तू शिकलेली मां गो." शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. बायकोने चहा विचारला नाही. त्या घरात मला चहा न विचारण्याची ती पहिली वेळ, आणि पुढे मी तशी वेळ येऊ दिली नाही. तो ताई म्हणायचा थांबला. जिन्यात भेटला की "मॅडम" म्हणून बाजूला होई.

मी व्यवस्थापनाला दोन पानी पत्र लिहिलं. उत्तरादाखल माझ्याच सहीच्या कागदाची झेरॉक्स आली, सोबत चिठ्ठी नव्हती. डॉक्टरांनी हॉटेलातल्या परिषदेत अकरा हृदयांचा आलेख पडद्यावर दाखवला. सुरेख आला होता. मोजमाप माझंच होतं, शेपटीसकट. शेवटी त्यांनी माझे आभार मानले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि लोक मागे वळून टाळ्या वाजवत असल्यामुळे मला मान लववावी लागली.

ती गोळी बाजारात आली नाही. पावसाळी हवेत तिचा गुलाबी थर पाघळायचा आणि गोळ्या एकमेकींना चिकटून बसायच्या. ही तक्रार पॅकिंग खात्याची होती. ती पहिल्याच बैठकीत मान्य झाली.