गालावर तीट लावलेला कान्हा

सोनी कुठंय? बांगड्या भरायला मी तिचा हात सोडला, तेवढ्यातच. उल्हासनगरचा बाजार, दिवाळीची गर्दी, आणि माझी एवढीशी पोर गायब! सोनी, सोनी ओरडत मी गर्दीत घुसले. आणि डोक्यात आला कोण, तर पेंटरमामा. मनात शिव्याच दिल्या त्याला. त्याच्या चित्रानंच नजर लागली!

पेंटरमामा आमच्या अंबरनाथच्या चाळीतला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पण देव काढायला बसला की वेडाच. त्याचा भीम म्हणजे आमचा गिरणीवाला, पिठानं पांढराफटक. सीता नळावर बादली घेऊन उभी. रावणाची दहा तोंडं रेशनच्या लायनीतली, सगळी भांडणारी. कोणी हसलं की म्हणायचा, "देवाला तोंड लागतं ना? मग ओळखीचं देतो. अनोळखी माणसाला कोण हात जोडणार?"

उल्हासनगरच्या याच बाजारातल्या एका सिंधी मिठाईवाल्याच्या भिंतीवर त्यानं लोणी खाणारा कृष्ण काढला, तो थेट आमची सोनी. तेच कुरळे केस, तोच अर्धा तुटलेला दात. सासूबाई भडकल्या, "सगळा बाजार पोरीला बघत बसणार! पुसायला सांग त्याला."

मी गेले सांगायला. मामा म्हणाला, "पोरी, पुसतो कशाला? तीट लावू की." आणि कृष्णाच्या उजव्या गालावर काळा ठिपका दिला. मी सोनीला काजळ लावते ना, अगदी तिथंच.

तर मी रडत, लोकांना ढकलत चाललेय, आणि समोरून तो मिठाईवाला शेठ! कडेवर सोनी, तिच्या हातात पेढा. "अरे भाभी, ये तो मेरी दीवार का कन्हैया है! काला टीका देखा, पहचान लिया. पेंटरच्या चाळीतच घेऊन निघालो होतो."

मी तिथंच रस्त्यात बसले. सोनीला असं आवळलं की तीच ओरडली, "आई, पेढा!"

घरी सासूबाई म्हणाल्या, "बघ, चित्रामुळं हरवली." मी म्हटलं, "चित्रामुळं सापडली." मामा दारात, हातात रॉकेलची चिंधी. "भांडू नका. पोरी, तू आई आहेस. पुसू?"

मी चिंधी काढूनच घेतली.

मामा आता बदलापूरला लेकाकडे राहतो, हात थरथरतो त्याचा. परवा माझ्या धाकट्या पोराला त्याला दाखवायला नेलं. डोळे बारीक करून म्हणाला, "हा हनुमान हं." मी म्हटलं, "काढा मामा. तीट मात्र विसरू नका."

त्या चित्रावरून सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी. पण तुम्ही सांगा, लेकरू असं परत कुशीत आलं असतं, तर तुम्ही पुसू दिलं असतं?