मामाची लढाई आणि लांबड्याचं गालगुंड

एकाहत्तरच्या लढाईत माझा मामा गालगुंडाने आजारी होता, असं सरकारचं म्हणणं होतं. मामाचं म्हणणं असं की तो पश्चिम सरहद्दीवर एका कालव्याच्या बांधाआड पालथा पडून गोळ्या झाडत होता आणि तिथेच तोफगोळ्याचा एक तुकडा त्याच्या मांडीत शिरला. दोन्ही म्हणणी एकाच माणसाबद्दल आणि एकाच डिसेंबराबद्दल होती. मामीचा कल सरकारकडे होता.

तिचं लग्न लढाई संपल्यावर झालं, म्हणजे ती काही साक्षीदार नव्हती. पण निवाडा द्यायला साक्षीदार असावं लागतं, असं तिला कधी वाटलं नाही. मामा हवालदार होऊन निवृत्त झाला आणि कांजूरमार्गच्या एका कारखान्यात पहारेकऱ्यांचा मुकादम म्हणून लागला. त्याच्या तपासणीला मामीही गेली होती, कारण ती सगळीकडेच जायची. कारखान्याच्या डॉक्टरने पलटणीचे कागद चाळले आणि विचारलं, "ऐन लढाईत गालगुंड झालं होतं तुम्हाला?"

"नाय वो, मी लढत होतंय," मामा म्हणाला.

"इथे तर गालगुंड लिहिलंय."

घरी पोचेपर्यंत मामीचा निकाल तयार होता. "सरकारी कागद खोटो कसो असतलो?" आणि मांडीवरचा व्रण? तो तिच्या मते गावच्या बैलाचा. मामाच्या गावच्या बैलांबद्दल तिचं मत माहेरी असल्यापासूनच वाईट होतं.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण एका पंधरा ऑगस्टला मामाच्या वसाहतीच्या अध्यक्षांना देशभक्तीची उबळ आली. हे गृहस्थ पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की वर्षभर आजारी असत आणि झेंडावंदनाला मात्र खडखडीत बरे होत. मी घाटकोपरला राहायचे आणि शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या दिवशी आमच्या शाळेतलं भाषण चुकवून मी मामाकडे गेले आणि तिथल्या भाषणात सापडले. अध्यक्षांनी माइकवर मामाचा उल्लेख "ज्यांची छाती पदकांनी झाकली गेली आहे असे" म्हणून केला. सगळ्यांनी मामाच्या छातीकडे पाहिलं. तिथे तीन पदकं होती. एक नोकरीत टिकून राहिल्याचं, दुसरं लढाईच्या वर्षी फौजेत कुठेतरी असल्याचं आणि तिसरं स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा हजर असल्याचं. तिन्ही हजेरीची. बाकीची छाती उघड दिसत होती.

"लढाईचं पदक घरी राहिलं वाटतं?" अध्यक्षांनी माइक न झाकता विचारलं.

मामा काही बोलायच्या आत बायकांच्या घोळक्यातून मामी हळूच, म्हणजे तिच्या मते हळूच, म्हणाली, "गालगुंडाचा मेडल गावना नाय."

सगळी वसाहत हसली. मीही हसले. झेंड्यातल्या फुलांच्या पाकळ्या अध्यक्षांच्या टकलावर पडल्या, त्यावर लोक पुन्हा हसले. मामाने मात्र कडक सलाम ठोकला आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत भुवईही हलवली नाही.

त्याच संध्याकाळी तो माझ्या घरी आला. "बाय, तू इंग्रजी शिकवतस ना?"

"शाळेत, मामा."

"मग जरा फौजेक शिकव."

पदकांबद्दलचं माझं मत मी त्याला ऐकवलं. राजेलोक जमिनी घेतात आणि शिपायांना पितळ देतात, वगैरे. त्या काळात मी फार वाचत असे आणि ते लोकांना कळू देत असे. मामाने ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखं सहन केलं. मग म्हणाला, "माका पितळेचा काय करूचा आसा? मी सांगान तुझी मामी ऐकना नाय. ती सरकाराचा ऐकता. म्हणान सरकारानच तिका सांगूक होया, की मी थंय होतंय."

मी राजेलोक बाजूला ठेवले. मी कागद काढला.

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला आम्ही सविस्तर पत्र पाठवलं. आघाडीवर असल्याचं एक आणि जखमी झाल्याचं एक, अशी दोन पदकं आमच्या नोंदीत राहून गेली आहेत, तरी दुरुस्ती व्हावी. उत्तर यायला इतके महिने लागले की मामी म्हणाली, त्यांनाही गालगुंड झालं असेल. शेवटी आलं. पत्रात खेद होता. सदर दोन्ही पदके अमुक क्रमांकाच्या जवानास पूर्वीच देण्यात आली आहेत, आणि आपण त्या काळात रुग्णालयात होता.

मामाने तो क्रमांक बघितला, पुन्हा बघितला आणि खुर्चीत बसून हसत सुटला. पोट धरून. "लांबडो!" एवढंच त्याला म्हणता येत होतं. "अगो, ह्यो तर लांबडो!"

मामाच्या गावात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, आणि आजोबांची नावं आधीच एकसारखी असतात. त्यामुळे एकाच वाडीतले, एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोन तरुण एकाच दिवशी भरती झाले आणि त्यांना लागोपाठचे क्रमांक मिळाले. पलटणीत मामाला बारका म्हणत आणि दुसऱ्याला लांबडा. लढाईला निघायच्या आधी लांबड्याचे गाल फुगले आणि तो मागे इस्पितळात राहिला. पुढे कुठल्याशा कारकुनाने लागोपाठच्या दोन क्रमांकांत गफलत केली. गालगुंड मामाच्या खात्यात गेलं आणि तोफगोळा लांबड्याच्या.

लांबडा मरोळला राहतो, हे गावच्या मंडळींकडून कळलं. आम्ही बस पकडून तिथे गेलो. दार त्यानेच उघडलं. तो खरोखरच इतका लांब होता की चौकटीत वाकूनच उभा होता.

"बारक्या, मेल्या! जिवंत आसस?"

"आसंय. माझी मेडलां खंय आसत?"

लांबड्याचा चेहरा पडला, आणि त्या उंचीवरून पडायला वेळ लागला. "ती तुझी? माका वाटला, आजारपणात सरकाराक माझी दया इली."

मग त्याने सांगितलं ते असं. पदकं आली, पण ती लावून आरशासमोर उभं राहिलं की त्याला आपले फुगलेले गालच दिसायचे. आपल्या छातीवर शोभत नाहीत, तर ज्याच्या छातीवर काहीही शोभतं त्याला द्यावीत, म्हणून त्याने ती घरच्या गणपतीला वाहिली. दर भाद्रपदात शाडूच्या मूर्तीवर जानव्याच्या बाजूला दोन्ही पदकं टाचली जायची. शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे. आरतीला येणारा एक निवृत्त सुभेदार तर गणपतीला नमस्काराऐवजी सलाम करायचा.

"मग आता कुठे आहेत?" मी विचारलं.

लांबडा बायकोकडे बघायला लागला. बायको छताकडे बघायला लागली.

गेल्या वर्षी पवईच्या तळ्यावर विसर्जनाला ही गर्दी होती. हार काढले, मुकुट काढला, पदकं राहिली. घरी येऊन रिकाम्या पाटावर तळ्यातली मूठभर माती ठेवून आरतीला उभे राहिले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. "काय करतलंव?" ती म्हणाली. "देवाक वाह्यलेला देवान नेल्यान."

मामा पुन्हा हसायला लागला. ते बघून लांबडाही हसायला लागला, आणि मग दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून, म्हणजे मामा लांबड्याच्या बरगडीवर डोकं ठेवून, खदखदत राहिले. लांबडा तिथल्या तिथे चप्पल घालून साक्ष द्यायला कांजूरमार्गला आला. मामीने त्याला चहा दिला, घावणे दिले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाव एक, नाव एक. मग खोटा पण एकच असतला."

रेकॉर्ड ऑफिस परवडलं. आम्ही लांबड्याच्या सहीचा कबुलीजबाब तिकडे पाठवला तेव्हा तिथला सूर एकदम मऊ झाला. नोंद दुरुस्त करण्यास हरकत नाही, मात्र चुकीने दिली गेलेली पदके आधी परत जमा करावीत.

मे महिन्यात तळ्याचं पाणी ओसरतं. दोन माजी सैनिक पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, आणि मी काठावर डबा सांभाळत बसले. बांबूने ढवळत ढवळत त्यांनी एक पितळी पळी काढली, एक पंचारती काढली आणि प्लॅस्टिकचा एक उंदीर काढला, तोही मोदकासकट. मामाने लष्करी पद्धतीने भागाचे पट्टे पाडले होते. लांबडा मात्र मनाला येईल तिथे बांबू खुपसत होता आणि प्रत्येक वेळी "गावला!" म्हणून ओरडत होता.

तेवढ्यात काठावर गळ टाकून बसलेले एक पारशी गृहस्थ टोपी हलवत उभे राहिले. "अरे ओ पहलवान! बाहर निकलो! इधर मगर है!"

मी आयुष्यात इतकी शिस्तबद्ध माघार पाहिलेली नाही. लांबड्याला लांब टांगांचा फायदा झाला. मामा एक पाऊल टाकायचा आणि मागे वळून बांबू रोखायचा. काठावर येऊन धापा टाकत तो म्हणाला, "लढाईत मगर नाय होती हां." पारशी गृहस्थांनी विचारलं की काय शोधताय? मी सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले की मग मगरीने लावली असतील. यावर आम्ही तिघंही हसत सुटलो. डबा तिथेच बसून खाल्ला. त्यांनाही दिला.

पदकं मिळत नाहीत म्हटल्यावर प्रतिज्ञापत्र करणं आलं. मुलुंडला एका नोटरीकडे गेलो. टेबलावर शिक्क्यांची रांग आणि चेहऱ्यावर न्यायदेवतेच्या चुलत भावाचा भाव.

"वस्तू हरवली?"

"नाही, विसर्जन झालं."

"म्हणजे सध्या कोणाच्या ताब्यात आहे?"

"गणपतीच्या," लांबडा म्हणाला.

नोटरीने पेन उचललं. सवय, दुसरं काय. "त्यांचा पत्ता?"

"पवई."

त्याने लिहायला सुरुवातही केली होती. मग तो थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि त्याचा तो भाव बघता बघता गळून पडला. बाहेर बसलेले पक्षकार आत डोकावून गेले, इतका तो हसला. शेवटी मजकूर मीच केला. सदर पदके धार्मिक कार्यात, भक्तिभावाने आणि अनवधानाने जलार्पण झाली असून कोणाही मनुष्याच्या ताब्यात नाहीत. माझ्या इंग्रजीतलं हे सर्वांत जड वाक्य. त्याचा मला अजून अभिमान आहे, आणि पदकांबद्दलची माझी मतं बघता तो मला शोभत नाही.

रेकॉर्ड ऑफिसात तो कागद ज्याने वाचला त्याच्या घरी गणपती येत असावा. कारण पुढच्या भाद्रपदाच्या तोंडावर, ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मामाच्या नावे रजिस्टर्ड पाकीट आलं, आत दोन्ही पदकं. सोबत दुरुस्त झालेल्या नोंदीची प्रत होती. तीत मामा आघाडीवर होता आणि जखमी होता. गालगुंड ज्याचं त्याला परत मिळालं होतं.

मामीने ती प्रत माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मी मराठीत सांगायला लागले, तर ते नको. इंग्रजीतच वाच म्हणाली. शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं. कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला आणि करंज्या तळायला निघून गेली. मामा दारात उभा राहून तिच्या पाठीकडे बघत राहिला. ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी मामाच्या घरी गणपती बसले. लांबडा आणि त्याची बायको आली, अध्यक्षही आले, कारण त्यांना कुठूनतरी वास लागला होता. त्यांच्या हातात शाल होती आणि तोंडात भाषण होतं. आरती होताच लांबड्याने दोन्ही पदकं उचलली आणि मूर्तीकडे निघाला. सवयच पडली होती त्याला.

"थांबा," मामी म्हणाली. "थंय कित्याक?"

"देवाक," लांबडा म्हणाला.

"देव गेल्लो काय लढाईक?"

तिने पदकं त्याच्या हातातून घेतली. मामाने नुसतं बनियन घातलं होतं, कारण उकडत होतं आणि तो मघापासून निरंजन सांभाळत होता. तिने त्या बनियनवरच दोन्ही पदकं टाचली. तिच्या बोटांना करंज्यांचं तूप होतं, त्यामुळे पिन सटकत होती आणि एकदा ती टोचलीही. मामा हलला नाही. अध्यक्षांनी भाषणाला घसा खाकरला तसं तिने त्यांच्या हातात प्रसादाची वाटी दिली आणि म्हणाली, "खावा आधी."

मग तिने मामाकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत, आणि नजर मांडीपाशी जरा थांबली.

"दुखता काय अजून?" तिने विचारलं.