मडक्यातला मणी

ये, जवळ ये पोट्टी. अन माझं लिहिलेलं वाचताना तरी तो मोबाईल बाजूले ठेव. नात हायस म्हणून सोडते, नाही तर कान धरला असता.

आपल्या घरातल्या प्रत्येक लेकराच्या करदोड्यात तो पांढरा मणी असे. माझ्या सासूबाईंले खारुन नदीकाठच्या शेतात नांगरलेल्या मातीत सापडलेला. बाराव्या दिवशी काळ्या दोऱ्यात ओवून कमरेले बांधायचा, लेकरू चालू लागलं की काढून डब्यात ठेवायचा. तुझ्या आईले बांधला, तुलेही बांधला. म्हणून तुझ्या पोरीसाठी मीच फोटो पाठवून विचारलं, देऊ का?

तू जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूंचंच शिकलेली. फोनवर ओरडलीच, "आजी, ये तो समुंदर के शंख से बना है!"

"चल, रायपुरात कुठला समुद्र?"

मग तू समजावलं. लोखंडही नव्हतं त्या काळातली शेती करणारी माणसं. किनाऱ्यावरच्यानं शेजारच्या गावाले दिला, त्यानं पुढच्या. बदल्यात कोणी धान्य घेतलं, कोणी दगडाची कुऱ्हाड.

"म्हणजे आपली बर्तनवाली! जुनी साडी घे, नवं गंज-भांडं दे."

किती हसली होती तू! हसता हसताच विचारलं, "मिला किसमें था?"

"मडक्यात. मातीनं भरलेलं होतं म्हणे."

 काहून विचारते, हे मले दोनदा विचारावं लागलं. मग हळूच म्हणाली, "कई जगह छोटे बच्चों को मटके में रखकर दफ़नाते थे, आजी. ज़रूरी नहीं कि वही हो."

तेव्हापासून दुपारी बर्तनवालीनं हाक दिली तरी मी दार उघडत नाही. वाटते, तिच्यामागं आणखी एक बाई उभी असंल. टोपलीभर धान देऊन तिनं तो मणी घेतला असंल, अन आपल्या गेलेल्या लेकरासोबत मातीत ठेवला. एवढ्या हातांतून आला, प्रत्येकानं काही ना काही दिलं. आपणच तसाच उचलला. अन आपली सगळी लेकरं धडधाकट निघाली, हेच जास्त टोचते. परत तरी कुठं ठेवू? शेतावर आता कारखान्याची शेड हाय.

काळा दोरा आणून ठेवला, मणी ओवला नाही. बाजूले वाटीत धान ठेवून राहिली मी रोज. बांधायचा का नाही, ते तू सांग, आई तू हायस. पोरीले घेऊन लवकर ये बाई. दुपारी मी घरात एकटीच असते.